मामींच्या मिरच्या आणि दोनशे डिग्री

आग लागली तर सगळ्यांनी शिस्तीत बाहेर कसं पडायचं, याचा सराव आमच्या वर्कशॉपमध्ये दर वर्षी होतो. तो आजवर एकदाच पूर्ण यशस्वी झाला, आणि तो मी घडवून आणला. आगीशिवाय.

चाकणच्या औद्योगिक पट्ट्यात एका लहानशा वर्कशॉपमध्ये मी सुपरवायझर आहे. लोखंडी पार्टवर रंगाची कोरडी पावडर फवारायची आणि तो पार्ट ओव्हनमध्ये भाजायचा, हा आमचा धंदा. ओव्हन म्हणजे घरातल्यासारखा नाही. आत दोन माणसं उभी राहतील एवढी लोखंडी खोली. राहायला मी कुरुळीत, तिसऱ्या मजल्यावर. मूळचा लातूरकडचा. आमच्याकडं पाण्याची बोंब, पण ऊन मागाल तेवढं. मिरच्या छतावर टाकायच्या आणि विसरून जायचं. चार दिवसांनी त्या आपोआप खडखडीत! त्यामुळं भाजी वाळवणं हे काम असतं, हे मला लग्न होईपर्यंत माहीतच नव्हतं.

लग्न झालं ते डोंगरात. माझ्या बायकोचं, कल्पनाचं, माहेर चाकणच्या पश्चिमेला. एसटीनं अडीच तास जायचं, आणि जिथून पुढं जायला एसटी नकार देते तिथून तासभर चढायचं. वर सात घरांची वाडी. पावसाळ्यात तिथं चार महिने ढग घरात येऊन बसतात. (मी एकदा समोर उभ्या असलेल्या सासऱ्यांना सोडून खांबाला नमस्कार केला आहे.) माती उतारावरून वाहून जाते, वारा वेल उपटतो, आणि जे वाचतं त्याच्यावर वानरं टपलेली. दिवाळी झाली की उलटा कारभार. झरा आटतो आणि वाफे कोरडे पडतात. म्हणजे भाजी पिकवायची ती पावसाच्या शेवटच्या पंधरा-वीस दिवसांत, आणि खायची वर्षभर.

सासऱ्यांना आम्ही मामा म्हणायचो. त्यांनी घरामागं दगड रचून उताराच्या पाच पायऱ्या केल्या होत्या आणि टोपलीनं माती आणून त्या भरल्या होत्या. पावसात माती खाली जायची. मामा ती पुन्हा वर आणायचे. "एकच माती किती वेळा चढवायची?" असं मी एकदा विचारलं, तेव्हा ते म्हणाले, "येतीया तोवर."

या पायऱ्यांवर घेवडा, काकडी, दोडका, भोपळा आणि मामांची मिरची. बोटाच्या पेराएवढी, जाड सालीची, आणि तिखट अशी की नुसतं हात लावून डोळा चोळला तर माणूस संध्याकाळपर्यंत भावुक दिसावा. दर वर्षी त्याच झाडांचं बी राखून मामांनी ती तीस-पस्तीस वर्षं चालवली होती. ही गोष्ट घडली त्याच्या दोन वर्षं आधी मामा गेले. त्यानंतर मामी, म्हणजे माझ्या सासूबाई, एकट्यानंच त्या पायऱ्या सांभाळत होत्या. "खाली या," असं आम्ही दर फोनला म्हणायचो. "मिरची कोन बगंल?" हे त्यांचं ठरलेलं उत्तर.

आता इतक्या ओलीत मामी हे सगळं वाळवायच्या कसं? चुलीवर. स्वयंपाकघरात चुलीच्या वर बांबूचा एक तट्टा टांगलेला होता. त्याच्यावर काकडीच्या चकत्या, घेवड्याच्या शेंगा, ताकात मुरवलेल्या मिरच्या. खाली दोन वेळचा स्वयंपाक, वर आपोआप वाळवण. साधी, चोख व्यवस्था.

ती मी बंद पाडली.

मामींना धुरानं खोकला होतो म्हणून एका उन्हाळ्यात मी मोठ्या प्रेमानं गॅसची शेगडी नेली, सिलिंडर खांद्यावरून वर चढवला, आणि जावई किती कर्तबगार हे एकदाच दिसून जाऊ दे म्हणून स्वतःच्या हातानं चूल फोडली. तट्टा काढून मागच्या बाजूला टाकला. मामी दारात उभं राहून बघत होत्या. "पाव्हणं, येवडी घाई नगं," एवढंच म्हणाल्या. मला वाटलं, भारावल्या आहेत!

त्या वर्षी पाऊस थांबायचं नाव घेईना. मिरचीची झाडं मुळाशी सडायला लागली, तेव्हा मामींनी होती नव्हती तेवढी सगळी मिरची तोडली, हिरवी ताकात मुरवली, आणि काकडी-घेवड्यासकट एक पोतं घेऊन कुरुळीत आमच्या दारात उतरल्या. वय पासष्टच्या पुढं, गुडघे दुखतात, आणि पोतं डोक्यावर.

"तितं वाळंना," त्या म्हणाल्या. "चूल न्हाई आता. म्हनलं तुमच्याकडं गच्ची हाय."

कल्पनानं माझ्याकडं पाहिलं. मी गच्चीकडं पाहिलं. गच्चीवर पाऊस पडत होता.

तीन दिवस आम्ही घरात वाळवण घातलं. पलंगावर मिरच्या, सोफ्यावर काकडी, टीव्हीच्या वर घेवडा, आणि सगळ्यांवर पंखा. पंखा सुरू केला की ताकात मुरलेल्या मिरचीचा वास जिन्यानं खाली जायचा आणि खालची माणसं वर यायची. चौथ्या दिवशी काकडीवर पांढरी लव आली. मामींनी त्या चकत्या मुकाट्यानं कचऱ्यात टाकल्या, आणि मिरच्यांवरून हात फिरवत बसल्या.

"ह्या तरी ऱ्हायला पायजेत," त्या म्हणाल्या. "न्हाई तर पुढल्या साली काय?"

त्या 'पुढल्या साली'चा अर्थ मला तेव्हा समजला नाही. मला वाटलं, पुढल्या साली खायला काय, असं म्हणत आहेत. आणि मला उपाय सुचला होता.

"मामी, तुम्ही काळजीच करू नका. आमच्याकडं ओव्हन आहे. साठ डिग्रीला लावतो, तासाभरात काम."

"कंपनीतला?" कल्पना म्हणाली. "शेठला विचारलंस?"

"शेठला कशाला? जेवणाच्या सुट्टीत ओव्हन रिकामाच असतो."

"तुला एवढ्यात काही करून दाखवायची गरज नाहीये," कल्पना म्हणाली. "चूल फोडून झालीय."

हे बोलणं मला लागलं, आणि लागल्यामुळंच मी सकाळी पोतं स्कूटरवर टाकून निघालो. पोत्याच्या तळाशी एक फडक्याची पुरचुंडी होती. तीही मी सोडली आणि आतल्या लाल मिरच्या बाकीच्यांत मिसळून टाकल्या. म्हटलं, सगळं एकदमच वाळेल.

त्या दिवशी आमच्याकडं ऑडिट होतं. ज्या मोठ्या कंपनीला आम्ही पार्ट देतो, तिथले साहेब तपासणीला येणार, आणि त्यांच्या एका सहीवर आमचं पुढच्या वर्षाचं काम अवलंबून. हे मला माहीत होतं. मी फक्त असा अंदाज बांधला होता, की ऑडिटवाले साहेब जेवायला बसले की निदान तासभर उठत नाहीत.

सुट्टी झाल्यावर मी जाळीच्या ट्रेमध्ये मिरच्या पसरल्या, ट्रे ओव्हनमध्ये लावले, साठ डिग्री केलं आणि दार लावलं. तेवढ्यात शेठचा निरोप आला, "साहेबांना रजिस्टर दाखवायला ये." मी गेलो. साहेबांना जेवायचं नव्हतं. त्यांचा उपवास होता!

इकडं सुट्टी संपली. ओव्हनवरचा आमचा ऑपरेटर शिंदे जागेवर आला. अतिशय इमानदार माणूस. काट्यावर साठ दिसताच त्याला वाटलं, कुणीतरी चुकून बटण फिरवलं. दुपारचा माल दोनशेला भाजायचा असतो. त्यानं दोनशे केलं, आणि ओव्हन तापेपर्यंत माल लटकवायला गेला.

मी ऑफिसात साहेबांना सांगत होतो, "सर, आमच्या प्रोसेसमध्ये बाहेरची कुठलीही वस्तू मिसळण्याची शक्यताच नाही." साहेब लिहून घेत होते. लिहिता लिहिता ते शिंकले. मग शेठ शिंकले. मग भिंतीपलीकडून एकदम दहा-बारा माणसं खोकल्याचा आवाज आला.

मला कळलं. पण कळलेलं सांगायला तोंड उघडलं आणि त्यात धूर गेला.

त्यानंतर जे झालं ते शिस्तीत झालं, एवढं म्हणायला हरकत नाही. कुणी धक्काबुक्की केली नाही, कारण कुणाला पुढचा माणूस दिसतच नव्हता. सायरन वाजवायला गेलेला वॉचमन सायरनला टेकून रडत होता. शेठ साहेबांना हाताला धरून बाहेर नेत होते, की साहेब शेठला, ते शेवटपर्यंत समजलं नाही. दोन मिनिटांत सगळं वर्कशॉप गेटबाहेर, भर पावसात रांगेत उभं! शिंदेनं नाकाला रुमाल बांधून ओव्हनचा स्विच पाडला, मोठे पंखे लावले आणि दार उघडलं. आत काळ्या कोळशांचे चार ट्रे होते.

"काय जळालं?" शेठनं विचारलं. डोळ्यांतून धारा.

"मिरची," मी म्हणालो.

"कसली मिरची?"

"सासऱ्यांची."

शेठनं बाहीनं डोळे पुसले. मग एवढंच म्हणाले, "घरी जा. मी फोन करेपर्यंत येऊ नकोस."

मी त्या जळक्या मिरच्या पोत्यात भरून घरी आलो. येताना वाटेत एकच चिंता होती, नोकरीची. बाकी काय, मिरचीच ती. चाकणच्या बाजारात किलोनं मिळते. दारातच मी कल्पनाला सगळं सांगितलं. ती कपाळाला हात लावून खाली बसली. मामी आतून आल्या, त्यांनी पोतं उघडलं, कोपरापर्यंत हात घातला आणि तळ चाचपला.

"पुरचुंडी कुठंय, पाव्हणं?"

"कुठली?"

"फडक्याची. लाल मिरच्यांची. बियाची."

त्यांनी माझ्या तोंडाकडं पाहिलं आणि त्यांना उत्तर मिळालं. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी जमिनीवर फडकं पसरलं, पोतं त्यावर ओतलं, आणि एकेक काळी मिरची नखानं फोडून आतलं बी बघायला लागल्या. फोडायची, बघायची, बाजूला ठेवायची. कोळशाचं बी उगवत नाही हे त्यांना माझ्यापेक्षा चांगलं माहीत होतं. तरी त्या तासभर फोडत राहिल्या. कल्पना त्यांच्या शेजारी बसून फोडायला लागली. मी उभाच होतो. बसायचं कुठं, ते मला कळेना.

शेवटी मामी म्हणाल्या, "त्यांच्या हातचं येवडंच ऱ्हायलं व्हतं."

"वाडीत कुणाकडं तरी असेल की, मामी," मी म्हणालो.

"सात घरं. चार बंद. दोगी बाजारची मिरची खात्यात."

आयुष्यात मला लाज बऱ्याचदा वाटली आहे, पण इतकी नीट कधी वाटली नव्हती.

त्या वेळी कल्पनाला आठवलं. आदल्या वर्षी मामींनी पिकलेल्या लाल मिरच्यांची एक पिशवी पाठवली होती, आणि आम्ही ती बिल्डिंगभर वाटली होती. कुणाकडं दोन उरल्या असल्या तर! मी चपला न घालता जिन्यानं पळालो.

दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी दार उघडलं. "त्या मिरच्या? अहो, ठेचा केला होता. व्याही आले होते जेवायला. अजून परत आले नाहीत."

"बी वगैरे काही उरलं?"

"व्याही उरले नाहीत, बी काय उरतंय!"

पहिल्या मजल्यावरच्या निवृत्त गुरुजींनी त्या वाटून पाण्यात कालवल्या होत्या आणि जिन्यात येणाऱ्या कुत्र्यांसाठी फवारल्या होत्या. उपाय गुणकारी होता, पण पहिल्यांदा त्यांच्या स्वतःच्याच डोळ्यांवर. एका घरात सांगितलं, "खरं बोलू का भाऊ? फेकल्या." अशी सगळी बिल्डिंग उतरत मी तळमजल्यावर दत्ताभाऊंकडं पोचलो. दत्ताभाऊ कुरुळीतलेच, स्वतःचा टेम्पो चालवतात. कंपन्यांचा माल पोचवतात.

"मिरच्या व्हय?" ते म्हणाले. "खाल्ल्या न्हाईत राव. एक चावली आन् बाकीच्या गाडीला बांधल्या."

"कुठं?"

"केबिनीत, आरशाला. लिंबाबरूबर. लिंबू बदलतो दर शनिवारी, मिरच्या त्याच."

मी टेम्पोकडं धावलो. काचेच्या आत, आरशाखाली, काळ्या दोऱ्यात ओवलेल्या सात मिरच्या. सुकलेल्या, धुळीनं माखलेल्या, पण लाल. मी एक हलवून पाहिली. आत बी वाजलं! मी दोऱ्याला हात घालणार तोच दत्ताभाऊंनी माझं मनगट धरलं.

"ओ भाऊ! काय करताय?"

"द्या मला ह्या. नव्या देतो. पाहिजे तेवढ्या देतो."

"न्हाई जमायचं. बांधल्या त्याच आठवड्यात पाठीमागून ट्रकचा ब्रेक फेल झालता. हितं, येवड्यावरून गेला. तवापास्नं गाडीला खरचटा न्हाई. त्या सोडून मी गिअर टाकनार न्हाई."

मी विनवण्या केल्या, हात जोडले. शेवटी म्हणालो, "हे सगळं मनाचे खेळ असतात, दत्ताभाऊ." ही माझी आणखी एक चूक. दत्ताभाऊंनी काच वर केली आणि केबिनला कुलूप लावलं!

मागं वळलो तर मामी जिन्यातून कठडा धरून उतरत होत्या. कल्पना मागं. मामी टेम्पोपाशी आल्या आणि काचेला कपाळ टेकवून आत बघत राहिल्या.

"आमच्याच हायेत," त्या म्हणाल्या. मग दत्ताभाऊंकडं वळल्या. "बाबा, मी काय सगळ्या मागत न्हाई. तुझी गाडी ह्या राखत्यात, तर राखू दे. दोन दे. बी झालं की म्या स्वतः येऊन सात बांधीन. ज्यानं ती लावली त्यो मानूस आता न्हाई. येवडंच ऱ्हायलंय."

दत्ताभाऊंनी खिशातून किल्ली काढली. कुलूप काढलं, आत चढले, चपला काढल्या आणि दोरा सोडला. सातही मिरच्या त्यांनी मामींच्या पदरात घातल्या.

"सगळ्या ऱ्हाऊ द्या मावशी. एक साल मीच गाडी हळू चालवतो."

मामींनी त्या पदराला गाठ मारली. मला मात्र हात लावू दिला नाही.

शेठचा फोन तिसऱ्या दिवशी आला. "ये कामावर," ते म्हणाले. आवाज बसलेला होता. ऑडिटवाल्या साहेबांनी अहवालात लिहिलं होतं की आपत्कालीन परिस्थितीत कामगार बाहेर काढण्याची तयारी इतकी चांगली त्यांनी दुसरीकडं पाहिली नाही. काम मिळालं होतं. शेठनं माझा पगार कापला नाही, फक्त ओव्हनच्या दारावर पाटी लावली: 'आत फक्त लोखंड'. पहिला महिनाभर भाजलेल्या प्रत्येक पार्टला चटणीचा वास येत होता, आणि तो का येतो हे गिऱ्हाइकांना सांगायची जबाबदारी माझ्यावर होती.

दिवाळीच्या आधी एका रविवारी आम्ही मामींना पोचवायला वर गेलो. मी आधी चूल घातली. म्हणजे मी माती कालवली. चूल मामींनी घातली, कारण मी घातलेली चूल तवा ठेवताच गुडघ्यावर बसली. धुराचं काय करायचं, यावर कल्पनानं छपराला एक पन्हाळ उलटं लावून धुराला वाट काढून दिली. बांबूचा तट्टा अजून मागच्या बाजूला पडला होता, वाळवी न लागता. तो पुन्हा टांगला. गॅसवर चहा आणि चुलीवर भाकरी, असा तह झाला.

पुढच्या ज्येष्ठात मामींनी सात मिरच्यांचं बी वाफ्यात टाकलं. दहा दिवस काही नाही. बाराव्या दिवशी कल्पनाला फोन आला. मी कान लावून उभा.

"आली गं," मामी म्हणत होत्या. "तेवीस रोपं हायेत. मोजली. पुन्यांदा मोजली." मग त्यांनी फोनवरच तिसऱ्यांदा मोजायला सुरुवात केली.

तेविसांतली एकोणीस जगली. वारा, ढग, वानरं, सगळ्यांना पुरून उरली. पावसाच्या अखेरीला मामी डोक्यावर लहानसं गाठोडं घेऊन कुरुळीत आल्या, आणि आमच्या घरी चहाही न घेता आधी टेम्पोपाशी गेल्या. स्वतःच्या हातानं आरशाला सात मिरच्या बांधल्या. मग कनवटीची एक पुरचुंडी काढून दत्ताभाऊंच्या हातात दिली.

"हे निम्मं बी तुज्यापाशी ऱ्हाऊ दे, बाबा. वर काय झालं तर असावं."

"मामी," मी म्हणालो, "आम्ही आहोत की घरात. आमच्याकडं ठेवा."

मामींनी माझ्याकडं मायेनं पाहिलं. अगदी खऱ्या मायेनं.

"पाव्हणं, तुमी मानूस लई चांगलं हाय," त्या म्हणाल्या. "म्हनून तर तुमाला नुसतं खायचं काम ठिवलंय."

तेव्हापासून मामांच्या मिरचीच्या बाबतीत मला तेवढी एकच जबाबदारी आहे. आणि दर जेवणाला, अर्ध्या मिरचीनंतर पाण्याचा तांब्या तोंडाला लावून मी खिडकीबाहेर डोकं काढतो, तेव्हा कल्पना शांतपणे सांगते, की हेही काम आता दत्ताभाऊंना द्यायला हवं.